जाच आणि ‘क्रूरता’ : पार्श्वभूमी

मराठवाड्यात सासरचा त्रास सांगताना बाईच्या तोंडी शब्द येतो ‘जाच’. मारहाण हा त्यातला एक भाग झाला. भाजीचे पैसे मोजून हातावर ठेवणं, माहेरचा फोन आला की स्पीकरवर बोलायला लावणं, शेजारणीपाशी थांबली म्हणून दोन दिवस अबोला, दवाखान्यातसुद्धा सासू सोबत, हे सगळं जाचात येतं. कायद्यात मात्र ‘क्रूरता’ हा शब्द आला आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

आधी गावात बैठक बसायची, चार माणसं समजूत काढायची आणि मुलगी परत नांदायला जायची. हुंडाबळींनंतर १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आलं. त्यात क्रूरतेचे दोनच अर्थ धरले. बाई आत्महत्येकडे ढकलली जाईल किंवा तिच्या जिवाला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका होईल असं वागणं, हा एक. पैशासाठी, मालमत्तेसाठी छळ, हा दुसरा. पोलीस ठाण्यात दुसराच रुळला. बाई सांगते, बाहेरून कुलूप लावून जातात. फिर्यादीत उतरतं, ‘माहेरहून पैसे घेऊन ये म्हणून शारीरिक व मानसिक छळ करून, उपाशीपोटी ठेवून’. कुठल्याही तालुक्याच्या बातमीत हे वाक्य सापडेल. पुढं उलटतपासणीत किती पैसे, कधी मागितले असं विचारलं की बाई गडबडते आणि कुलपाबद्दल तर कागदावर ओळच नसते.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यानं भावनिक आणि आर्थिक छळ नावानिशी धरला. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यानं भरायच्या घटना अहवालाच्या नमुन्यात ‘घराबाहेर जाऊ न देणं’, ‘ठरावीक व्यक्तीला भेटू न देणं’ हे प्रकार छापलेलेच आहेत. म्हणजे जाच सरकारी कागदावर आला होता. पण हा मार्ग मुळात दिवाणी वळणाचा. मिळालेला संरक्षण आदेश मोडला तरच गुन्हा, आणि शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष किंवा २० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

ऑक्टोबर २०२४ मधला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाचा निकाल इथं नीट वाचायला हवा. प्रकरण शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलं, सुनेच्या आत्महत्येचं. सुमारे २० वर्षांपूर्वी खालच्या कोर्टानं नवऱ्याला आणि सासरच्यांना शिक्षा दिली होती. आरोप असे: टीव्ही बघू न देणं, एकटीला मंदिरात जाऊ न देणं, शेजाऱ्यांत मिसळू न देणं, सतरंजीवर झोपवणं, स्वयंपाकावरून टोमणे, मध्यरात्री पाणी भरायला लावणं. खंडपीठानं म्हटलं, यात तेवढी तीव्रता नाही, या घरातल्या बाबी आहेत. त्या गावात पाणी रात्रीच सुटायचं आणि सगळीच घरं तेव्हा भरायची, हीही नोंद घेतली. सगळे सुटले. पाण्याचा मुद्दा रास्तच आहे. रात्री सुटणारं पाणी मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. पण बाकीच्या गोष्टी एकेक करून वजनाला घातल्या की प्रत्येक हलकीच भरणार. शेजारी नाही, मंदिर नाही, टीव्ही नाही, हे एकत्र मांडलं तर त्या बाईला घराच्या भिंतींपलीकडे काही उरलं होतं का? अशा सगळ्या बाजूंनी कोंडणाऱ्या वागण्याला इंग्लंडमध्ये २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा मानतात. आपल्याकडे १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता आली, कलम ४९८-अ चं ८५ आणि ८६ झालं, पण क्रूरतेची व्याख्या तीच राहिली.

बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, मोजतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मात्र नवऱ्याच्या हातात पडते. बाईची मजुरी तिला दिसतच नाही. घरगुती हिंसाचाराचा अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. त्या काळात तारीख लागली, तर ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्याच्याच सोबत ती फडात ऊस तोडत असते.