पृथ्वीच्या सावलीत विझणारा तारा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ज्या संध्याकाळी तुमच्या गावावरून जाणार असेल, त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर गच्चीवर या. वायव्येला, समोरच्या पाण्याच्या टाकीच्या जरा वर, एक ठिपका उगवतो. आधी विमानच वाटतं. पण लाल-हिरवे दिवे नाहीत, उघडझाप नाही, आवाज नाही. दोनेक मिनिटांत तो व्याधापेक्षाही तेजस्वी होतो आणि डोक्यावरून सरकत आग्नेयेकडे निघतो. मग क्षितिज अजून बरंच लांब असताना, आकाशात ढगाची चिंधीसुद्धा नसताना, तांबूस होत होत आठ-दहा सेकंदांत विझून जातो.

मला सगळ्यात आवडतो तो हा विझण्याचा क्षण.

आपल्याला दिसतो तो स्थानकाचा स्वतःचा उजेड नव्हे. त्याच्या सौरपट्ट्यांवरून आणि धडावरून परतलेलं ऊन असतं ते. पायथ्याच्या बारी गावात सावली पसरते तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर ऊन रेंगाळत असतं, तसंच हे. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून फिरतं. म्हणजे जवळजवळ अडीचशे कळसूबाई एकावर एक रचल्या, तर त्यांच्या माथ्यावर. एवढ्या उंचीवर आपल्यानंतर तासभर, कधी दीड तासही ऊन टिकतं. खाली अंधार आणि वर ऊन, एवढ्याच वेळात उपग्रह दिसायचा. मध्यरात्री तोही पृथ्वीच्या सावलीत असतो, म्हणून डोक्यावरून गेला तरी पत्ता लागत नाही. उत्तर युरोपात मात्र उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, त्यामुळे तिथे स्थानक रात्रभर दिसू शकतं.

विझण्याआधीची तांबूस झाक म्हणजे तिथला सूर्यास्त. आपला सूर्य केव्हाच मावळलेला असतो. आतल्या अंतराळवीरांचा त्या क्षणी मावळतो, वातावरणाच्या कडेतून गाळलेल्या लाल उजेडात. पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे दीड तासाची, म्हणून त्यांना दिवसात असे पंधरा-सोळा सूर्यास्त लाभतात. ताशी सुमारे 27,600 किलोमीटर हा वेग ऐकून काही डोळ्यांसमोर उभं राहत नाही. पण मुंबई ते नागपूर हवाई अंतर ते दीड मिनिटात कापतं म्हटल्यावर राहतं. जून-जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला तिथे होते. त्या स्थानकात राहिलेले ते पहिले भारतीय. नेमके आपल्याकडचे ढगांचे दिवस, याची हळहळ मला अजून वाटते.

दिशेकडेही लक्ष द्या. बहुतेक उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसतात, कारण पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते आणि त्याच दिशेने रॉकेट सोडलं की तिचा वेग फुकट मिळतो. उत्तर-दक्षिण जाणारे बहुधा पृथ्वीची पाहणी करणारे, ध्रुवांवरून फिरणारे. घरच्या टीव्हीची छत्री ज्याच्याकडे तोंड करून बसलेली असते तो उपग्रह मात्र सुमारे 36,000 किलोमीटरवर. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

आपल्या अक्षांशाचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. 1990 मध्ये सोडलेली हबल दुर्बीण विषुववृत्तापासून साडेअठ्ठावीस अंशांपलीकडे जातच नाही. लंडनहून ती क्षितिजावर येत नाही, पण महाराष्ट्रातून थेट डोक्यावर येऊ शकते. स्थानकापेक्षा बरीच मंद असते, तरी गावाबाहेरच्या काळोखात सहज सापडते.

एखादा ठिपका ठरावीक अंतराने उजळतो आणि मंदावतो. तो बहुधा गिरक्या घेणारा रॉकेटचा रिकामा टप्पा असतो. 1957 च्या ऑक्टोबरमध्ये जगभर लोकांनी ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह म्हणून जे पाहिलं तेही बहुतेक वेळा त्याच्यासोबत कक्षेत गेलेलं रॉकेटच होतं; खुद्द स्पुटनिक अवघ्या 58 सेंटिमीटरचा गोळा. असे टप्पे पुढे खाली येतात. 2 एप्रिल 2022 ला, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली, ती एका चिनी रॉकेटच्या टप्प्याची होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. उल्का क्षण-दोन क्षणांत संपते. ही रांग सावकाश, आकाशभर चालत गेली, आणि तिला ओळखायची खूण हीच.

न जळणारी, माळेसारखी एकामागून एक दिव्यांची सरळ रांग दिसली तर ते नुकतेच सोडलेले, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह. मे 2019 मध्ये त्यांचा पहिला साठांचा ताफा गेला, आता हजारो आहेत. दिसायला सुंदर, पण मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांवर त्यांचे पांढरे ओरखडे उमटतात, आणि हे नुकसान मला खरंच खुपतं.

वेळ बघायला ‘हेवन्स-अबव्ह’ हे संकेतस्थळ किंवा नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ ॲप पुरेसं आहे. ‘उंची 40 अंश’ असं लिहिलेलं असेल तर हात पुढे ताणून क्षितिजापासून चार मुठी मोजा. फोन मात्र पाच मिनिटं आधी खिशात टाका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला हवी.

आणि जमलं तर पहाटेची फेरी धरा. तेव्हा सगळं उलटं घडतं: पश्चिमेच्या काळ्या आकाशात, जिथे काहीच नव्हतं तिथे, अधांतरी एक तांबूस ठिणगी पेटते, बघता बघता पांढरी होते आणि उगवतीकडे चालू लागते.