ओल्या लाकडाची खुर्ची: अ‍ॅपलॅचियातल्या कारागिरीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या डोंगरातली जुन्या पद्धतीची खुर्ची खिळा नाही, सरस नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिचे पाय ओल्या लाकडाचे, नुकत्याच पाडलेल्या झाडाचे. पायांना जोडणारे आडवे दांडे मात्र चुलीजवळ ठेवून कडकडीत वाळवलेले. दांड्याचं टोक पायातल्या भोकात ठोकून बसवायचं आणि खुर्ची बाजूला ठेवून द्यायची. पुढे पायाचं लाकूड सुकत जातं, आकसतं आणि दांड्याला आवळून धरतं. वाळलेला दांडा उलट हवेतली थोडी ओल घेऊन फुगतो. दोघांनी मिळून धरलेला तो सांधा मग सुटत नाही. बैठक विणायची ती हिकरी नावाच्या झाडाच्या आतल्या सालीच्या पट्ट्यांनी. ही साल वसंतात, झाडात रस चढला की लांबच लांब निघते. ते दिवस हुकले की वर्षभर थांबायचं.

अशा घरात वाढणाऱ्या पोराला खुर्ची करायला कुणी बसवून शिकवत नाही. ते मोठ्यांबरोबर रानात जातं, कुठलं खोड सरळ फाटेल हे ओळखताना त्यांना बघतं, ‘ही साल धर’ म्हटलं की धरून उभं राहतं. चेस्टर कॉर्नेट (१९१३–१९८१) हे केंटकीतले खुर्ची-कारागीर असेच घरातल्या वडीलधाऱ्यांचे हात बघून तयार झाले. पुढे त्यांनी झुलत्या खुर्चीला पुस्तकांचे कप्पे जोडण्यापर्यंत मजल मारली आणि त्यांच्या खुर्च्या संग्रहालयांत गेल्या. पण लाकूड कधी ओलं घ्यायचं आणि कधी वाळकं, हे ज्ञान त्या कप्प्यांच्या फार आधीचं आहे.

अ‍ॅपलॅचियन पर्वतरांग अमेरिकेच्या पूर्वेला अलाबामापासून वर थेट कॅनडापर्यंत जाते. ‘अ‍ॅपलॅचिया’ हा प्रदेश मात्र सरकारी व्याख्येनं ठरला तो १९६५ मध्ये, गरिबी हटवण्यासाठी केंद्र आणि राज्यं यांचा संयुक्त आयोग स्थापन झाला तेव्हा. त्यात आज न्यूयॉर्कपासून मिसिसिपीपर्यंत १३ राज्यांचे भाग येतात. पूर्णपणे आत असलेलं राज्य एकच, वेस्ट व्हर्जिनिया. दक्षिणेकडच्या डोंगरातली माणसं नावातल्या ‘लॅच’वर जोर देतात, बाहेरचे बहुधा ‘अ‍ॅपलेशिया’ म्हणतात. कोण घरचं आणि कोण परकं हे तेवढ्या उच्चारावरून कळतं, आणि या प्रदेशात तो फरक फार मनाला लावून घेतला जातो. त्याचं कारण कारागिरीच्या इतिहासातच सापडतं.

नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: डोंगर दुर्गम, वाटा बंद, म्हणून जुनी कला तिथे जशीच्या तशी राहिली. ही गोष्ट ऐकायला छान आहे आणि बरीचशी चुकीची आहे. या डोंगरांत माणसं, माल, सूर आणि नमुने सतत येत-जात राहिले. इथे वाढलेल्या कलाकाराला घडवलं ते हाताशी असलेल्या लाकूड-मातीनं, घरच्या गरजेनं, आणि तितकंच बाहेरून येऊन ‘तुमचं खरं काय’ ते ठरवणाऱ्यांनी.

सुरुवात चेरोकी या मूळनिवासी लोकांपासूनच करायला हवी, कारण डोंगर आधी त्यांचे. त्यांच्या बायका रिव्हरकेन नावाच्या देशी बांबूच्या पट्ट्या काढून, ब्लडरूटच्या मुळांनी नारिंगी-तांबूस आणि काळ्या अक्रोडानं गडद तपकिरी रंगवून करंड्या विणत. त्यातला सर्वांत अवघड प्रकार दुहेरी विणीचा. आतली करंडी तळापासून काठापर्यंत विणत न्यायची, काठावर त्याच पट्ट्या वळवायच्या आणि बाहेरून पुन्हा तळापर्यंत आणायच्या. दोन करंड्या, पण जोड कुठेच नाही. १८३८-३९ मध्ये सरकारनं चेरोकींना बळजबरीनं मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं. त्या वाटेवर हजारो मेले. जे थोडे लोक नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात राहिले त्यांच्याकडे पुढे ही दुहेरी वीण जवळजवळ विसरली गेली.

ती परत कशी आली, हा या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग आहे. १९४० च्या सुमारास चेरोकी शाळेत विणकाम शिकवणाऱ्या लॉटी स्टँपर यांच्या हाती एक छायाचित्र आलं. अठराव्या शतकात लंडनला गेलेली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेली एक चेरोकी करंडी त्यात होती. छायाचित्र बघून, पट्ट्या मोजत, चुकत, उसवत त्यांनी ती वीण उलगडली आणि मुलींना शिकवली. १९४६ मध्ये कारागिरांची क्वाला सहकारी संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे. रिव्हरकेनची बनं शेती आणि चराईनं आक्रसली तेव्हा विणणाऱ्यांनी पांढऱ्या ओकच्या पट्ट्या घेतल्या, पुढे हनीसकलचे वेलही घेतले. हा हनीसकल मूळचा जपानकडचा, इथे तण म्हणून माजलेला. परंपरा जपणारे हात साहित्याच्या बाबतीत असे मोकळे असतात.

अठराव्या शतकात स्कॉट-आयरिश, जर्मन, इंग्रज वस्ती करायला आले आणि त्यांच्याबरोबर गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोकही. आज ज्या वाद्यावाचून डोंगरी संगीताची कल्पना होत नाही तो बँजो पश्चिम आफ्रिकेच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांतून आला, गुलामांच्या हातांतून. फिडल अटलांटिकपलीकडून आलं. आणि डल्सिमर, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं ते लांबट वाद्य, जर्मन लोकांच्या शाइटहोल्ट या तंतुवाद्यावरून सुचलेलं. त्याच्या एका तारेवर बोटानं किंवा काडीनं सरकत चाल काढायची, बाकीच्या तारा तंबोऱ्यासारखा सूर धरून राहतात. झंकारायला पूर्वी हंसाच्या पिसाची दांडी वापरत. पूर्व केंटकीच्या नॉट काउंटीत जेम्स एडवर्ड थॉमस, सगळ्यांचे ‘अंकल एड’, यांनी १८७१ ते १९३० या काळात सुमारे १५०० डल्सिमर बनवले. आज सगळीकडे दिसणारा निमुळत्या कंबरेचा आकार रुळला त्यात त्यांच्या वाद्यांचा मोठा वाटा आहे.

मग आल्या बाहेरच्या बाया. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनरी आणि शिक्षिका डोंगरात शाळा, दवाखाने काढायला येऊ लागल्या. त्यांतल्या फ्रान्सिस गुडरिच नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलजवळच्या खोऱ्यात राहत होत्या. १८९५ मध्ये एका शेजारणीनं त्यांना जुना हातविणीचा पलंगपोस भेट दिला, तपकिरी आणि साईच्या रंगाचा, दुहेरी गाठीच्या नक्षीचा. तोवर बाजारातलं गिरणीचं कापड स्वस्त झालं होतं आणि घरोघरचे माग माळ्यावर गेले होते. गुडरिचबाईंनी तो पलंगपोस उत्तरेतल्या मैत्रिणींना दाखवला, मागणी आली, आणि माग पुन्हा खाली उतरले. त्यांच्या अ‍ॅलनस्टँड उद्योगाचं दुकान १९०८ मध्ये अ‍ॅशव्हिलमध्ये उघडलं. १९३० मध्ये डोंगरी कारागिरांचा संघ बनला आणि गुडरिचबाईंनी ते दुकान पुढे त्या संघाच्या स्वाधीन केलं.

या पलंगपोसांची नक्षी बायका कागदाच्या अरुंद पट्टीवर खुणांनी लिहून ठेवत. मागाला टाचणीनं टोचलेली ती पट्टी म्हणजे एक लिपीच; ती आईकडून मुलीकडे, शेजारणीकडून सासुरवाशिणीकडे जाई, आणि एकाच नक्षीला दर खोऱ्यात वेगळं नाव पडे. आपल्याकडे एकच ओवी गावागणिक बदलते, तसंच. केंटकीच्या बेरिया कॉलेजात तर मुलांच्या शिक्षणाच्या बदल्यात आयांनी विणलेले पलंगपोस घेतले जात. बेरिया १८५५ मध्ये गुलामगिरीविरोधी लोकांनी स्थापलं आणि काळी-गोरी मुलं तिथे एकत्र शिकत होती. १९०४ मध्ये केंटकीनं कायदा करून ते बंद पाडलं. आजही तिथे शिकवणी फी नाही, प्रत्येक विद्यार्थी काम करतो, आणि झाडू बांधणं हे त्या कामांतलं एक आहे.

या काळाचं ऋण मोठं आहे. लूसी मॉर्गन यांनी १९२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या पेनलंडला विणकर बायकांना काम मिळवून दिलं आणि त्यातून देशातली एक मोठी हस्तकला-शाळा उभी राहिली. ऑलिव्ह डेम कँपबेल यांनी १९२५ मध्ये त्याच राज्यातल्या ब्रासटाउनला डेन्मार्कच्या लोकशाळांच्या धर्तीवर शाळा काढली. तिथल्या दुकानाबाहेर बसून चाकूनं बाकडी कोरत राहणाऱ्या गड्यांना शाळेनं बाकड्याऐवजी लाकडाचे ठोकळे दिले, आणि ब्रासटाउनचे कोरीव प्राणी देशभर विकले जाऊ लागले.

पण काय जपायचं याची निवड या बाहेरच्यांनी केली, हेही तितकंच खरं. बेरियाच्या अध्यक्षांनी १८९९ मध्ये डोंगरी लोकांना ‘समकालीन पूर्वज’ म्हटलं, म्हणजे जणू इंग्लंडचा जुना काळ इथे गोठून राहिलाय. बाजारातले चटकदार रंग वापरायला डोंगरातल्या बायकांची काही हरकत नव्हती; वनस्पतींच्या रंगांचा आग्रह धरला तो गिऱ्हाईक आणि शिक्षिकांनी. डल्सिमर शाळांना आवडला, बँजो बराच काळ रांगडा ठरला. इंग्रज संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१६ ते १९१८ मध्ये सुमारे ४६ आठवडे डोंगरांत फिरून शेकडो जुनी कथागीतं टिपली, ती टिपली नसती तर कित्येक हरवली असती. मात्र काळ्या गायकांकडे त्यांचं लक्ष जवळजवळ गेलंच नाही. छायाचित्रकार डॉरिस उलमन कधी कधी माणसांना आजीच्या पेटीतले कपडे घालायला लावून फोटो काढत. आपल्याच अंगणात आपल्याला आजीसारखं दिसायला सांगितलं जातंय, हे बघत दोन पिढ्या वाढल्या. इथल्या कलाकारांच्या कामात ‘आमच्याबद्दल तुम्ही बोलू नका’ असा जो ताठपणा दिसतो तो यातून आलेला आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

दुसरीकडे कोळसा. रेल्वे आली तशा कंपन्यांनी जमिनीखालचे हक्क कवडीमोलानं घेतले, वस्त्या वसवल्या, पगार कंपनीच्या नाण्यात दिला आणि ते नाणं कंपनीच्याच दुकानात चाले. १९२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या ब्लेअर माउंटनवर सुमारे १०,००० खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून कंपन्यांच्या बंदुकवाल्यांशी लढले. १९३१ मध्ये केंटकीच्या हार्लन काउंटीत शेरीफची माणसं नवऱ्याला शोधत घरात घुसली, तेव्हा फ्लॉरेन्स रीस यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या पाठीवर जुन्या चालीत संपाचं गाणं लिहिलं. शार्पसाहेबांच्या वहीत जी जुनी चाल मावली असती, तिच्यावर आता ‘तू कुणाच्या बाजूचा’ हा प्रश्न बसला. परंपरा जिवंत असणं म्हणजे काय, ते मला त्या कॅलेंडरवर दिसतं.

त्याच सुमारास रानही बदलत होतं. बुरशीच्या रोगानं विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकन चेस्टनटची अब्जावधी झाडं मेली. कुंपण, घराचे वासे, डुकरांचा चारा, रंगासाठी साल, सगळं त्या झाडावर चाललेलं. मग खाणीत यंत्रं आली, कामं गेली, आणि १९४० ते १९७० या ३० वर्षांत ३० लाखांहून जास्त माणसं सिनसिनाटी, डेटन, डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे निघून गेली.

मिनी अ‍ॅडकिन्स त्यांतल्याच. १९३४ मध्ये केंटकीच्या एलियट काउंटीत जन्मलेल्या. लहानपणी खिशातल्या चाकूनं लाकूड तासणं हे तिथे मुलग्यांचं काम समजलं जाई. त्यांनी ते सोडलं नाही. नवऱ्याबरोबर ओहायोला गेल्या, वर्षानुवर्षं तिकडे राहिल्या, १९८३ मध्ये परत आल्या. तोवर शहरांत ‘लोककला’ विकत घेणारे तयार झाले होते. त्यांचे कोरलेले कोंबडे, कोल्हे, अस्वलं मग संग्रहालयांत पोचले. हात डोंगरात तयार झाला, पण कोंबड्याला किंमत आली ती गाव सोडून परत येईपर्यंतच्या काळात. तिथल्या पुष्कळ कलाकारांचं आयुष्य असंच जाणं आणि परतणं यांत विभागलेलं आहे.

१९६० च्या दशकात गरिबीविरोधी मोहीम सुरू झाली आणि कॅमेरे पुन्हा आले: मोडकी ओसरी, अनवाणी पोरं. याला उत्तर देणारे या वेळी तिथलेच निघाले. १९६९ मध्ये केंटकीच्या व्हाइट्सबर्गला सरकारी पैशातून तरुणांना चित्रपट शिकवणारी कार्यशाळा सुरू झाली. त्या पोरांनी तीच पुढे अ‍ॅपलशॉप म्हणून स्वतःच्या हातात घेतली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर चित्रपट काढले, त्यांत खुर्ची करणारे होते, सुईणी होत्या, खाणीत फुप्फुसं गमावलेले होते. १९९१ मध्ये केंटकीचे कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी ‘अ‍ॅफ्रिलॅचिया’ हा शब्द ‘आफ्रिकी’ आणि ‘अ‍ॅपलॅचिया’ जोडून घडवला, कारण शब्दकोशातल्या अ‍ॅपलॅचियन माणसात काळा माणूस बसतच नव्हता. बँजोची मूळ गोष्ट माहीत असलेल्याला हा शब्द किती उशिरा आला ते कळेल.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानं फ्रेंच ब्रॉड नदी अ‍ॅशव्हिलच्या कलाकारांच्या वस्तीत शिरली, भट्ट्या आणि माग चिखलात गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २०२२ मध्ये, पूर्व केंटकीत एका रात्रीत आलेल्या पुरात ४० हून अधिक माणसं गेली. अ‍ॅपलशॉपच्या इमारतीत पाणी घुसलं आणि पन्नास वर्षांची चित्रफीत-ध्वनिफीत भिजली. अंकल एड यांच्या नॉट काउंटीत हिंडमन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ट्रबलसम क्रीक ओढ्याकाठी त्याच ओढ्याचं नाव घेतलेला तंतुवाद्यांचा कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला. नशेच्या गोळ्यांच्या व्यसनातून उठू पाहणाऱ्यांना तिथे काम मिळू लागलं. स्थानिक लाकडाच्या गिटार, मँडोलिन, डल्सिमर बनू लागल्या. पूर त्या कारखान्यातही शिरला. पाणी ओसरल्यावर कामगारांनी फावड्यानं चिखल काढला आणि पुन्हा वाद्यं बनवायला घेतली.