प्रतीकयोजना (चित्रपट)

प्रतीकयोजना (चित्रपट) : पडद्यावरची एखादी वस्तू, प्राणी, जागा, रंग किंवा आवाज कथेतले आपले नेहमीचे काम करता करताच आणखी काही सुचवू लागतो, तेव्हा त्याला चित्रपटातील प्रतीक म्हणतात. हा जादा अर्थ आपोआप येत नाही. कॅमेरा कुठे ठेवला, उजेड कुठून आणला, शॉट किती वेळ धरला, कुठे कापला आणि त्यावर कोणता आवाज ठेवला, यांतून तो घडवावा लागतो. म्हणून प्रतीक आणि तंत्र यांचा विचार एकत्रच करायला हवा.

साहित्यातल्या प्रतीकाहून चित्रपटातले प्रतीक एका बाबतीत मुळातच वेगळे असते. कवीने ‘पाखरू’ लिहिले, की वाचक आपापले पाखरू मनात आणतो. कॅमेऱ्याला मात्र नुसते ‘पाखरू’ टिपता येत नाही. त्याला अमुक एक पाखरू, अमुक झाडावर, अमुक वेळच्या उन्हातच टिपावे लागते. त्यामुळे ते आधी पाखरू म्हणून खरे वाटले पाहिजे, मग त्याच्यावर अर्थाचे ओझे टाकता येते. हा क्रम उलटला की प्रेक्षकाला वस्तू न दिसता दिग्दर्शकाचा हेतूच दिसू लागतो. पुष्कळ चित्रपटांतली प्रतीके फसतात ती याच कारणाने.

संकेत आणि प्रतीक : विझणारी समई, वाऱ्याने आपटणारी खिडकी, जवळ येणारी दोन फुले, हातातून सांडलेला कुंकवाचा करंडा ही चिन्हे भारतीय प्रेक्षक न शिकवता वाचतो. ती जुन्या लोकसमजुतींतून आणि नाटकातून आली, वापरून वापरून गुळगुळीत झाली आणि आता त्यांचा एकच ठरलेला अर्थ उरला आहे. यांना संकेत म्हणणे बरे. खरे प्रतीक त्या त्या चित्रपटातच जन्मते. पहिल्यांदा दिसते तेव्हा ती साधी वस्तू असते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, बदललेल्या प्रसंगात, तिचा अर्थ चढत जातो.

साधने : दोन शॉट शेजारी ठेवले की दोघांतही नसलेला तिसरा अर्थ निघतो, हे सोविएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी प्रयोगाने दाखवले. मोझ्झूखिन या नटाचा एकच भावहीन चेहरा त्यांनी सुपाची थाळी, शवपेटी अशा निरनिराळ्या शॉटांना जोडला. पाहणाऱ्यांना तोच चेहरा कधी भुकेला, कधी शोकाकुल वाटला. सर्गेई आयझेनस्टाइन यांनी ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (1925) मध्ये झोपलेला, जागा झालेला आणि उठून उभा राहिलेला अशा दगडी सिंहांचे तीन शॉट सलग जोडले आणि पाहता पाहता दगडच खवळून उठला. ही संकलनाची ताकद.

चौकट आणि भिंग यांची ताकद मराठी निर्मात्यांना लवकर उमगली. ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’ (1934) मध्ये व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणाऱ्या) भिंगाने राजगुरू या पात्राच्या डोळ्याचे अतिसमीप दृश्य घेतले. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा पडदाभर पसरलेला तो डोळा पुढे वर्षानुवर्षे लोकांच्या बोलण्यात राहिला. धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेची जरब सांगायला तिथे संवादाची गरजच पडली नाही.

‘कुंकू’ (1937) : मराठीत प्रतीकयोजनेचा विचार करायचा तर सुरुवात याच चित्रपटापासून करावी लागते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांताराम यांनी तो केला. ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्ती. शांता आपटे यांची नीरा फसवणुकीने वयस्क विधुर काकासाहेबांच्या (केशवराव दाते) गळ्यात बांधली जाते आणि ती हे लग्न मनाने, शरीराने मान्य करत नाही. मुळात शीर्षकच एका वस्तूचे आहे. बाईच्या कपाळावरचा हा ठिपका सौभाग्याचा की मालकीचा, हा प्रश्न चित्रपटभर तिच्या कपाळावर उघडा राहतो.

चित्रपटात घड्याळ, आरसा, छत्री अशा घरातल्याच वस्तू आहेत. त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या कोणत्याही बैठ्या घरात सापडाव्यात अशा. भिंतीवरचे जुने लंबकाचे घड्याळ काकासाहेबांच्या वयाशी जोडले जाते, आणि त्याची टिकटिक ऐकताना उरलेला काळ मोजला जातोय असे वाटू लागते. आरशाचा प्रसंग त्याहून बोचरा आहे. म्हातारपण झाकू पाहणाऱ्या माणसाला फुटलेल्या काचेत एकाऐवजी अनेक चेहरे दिसतात, आणि तेही त्याचेच. लपवायला निघालेली गोष्ट तुकड्यातुकड्यांतून त्याच्याकडे पाहते. फुटका आरसा हा संकेत तेव्हाही नवा नव्हता. इथे तो जिवंत वाटतो, कारण त्यात पाहण्याची गरज त्या पात्राला खरोखरच आहे. शिवाय शांताराम यांनी काकासाहेबांना खलनायक केलेले नाही. आरशात आपल्याला एक घाबरलेला माणूस दिसतो, आणि अखेरीस तो स्वतःला संपवून नीराला मोकळी करतो, तेव्हा आपण त्याच्यावर निव्वळ रागावू शकत नाही.

या चित्रपटाला रूढ अर्थाचे पार्श्वसंगीतच नाही. संगीतकार केशवराव भोळे होते, तरीही प्रसंगांच्या मागे वाद्ये वाजवून भावना सांगितलेली नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज ठेवले. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि गाण्यांची रेलचेल हाच यशाचा मार्ग समजला जात होता. अशा काळात असा निर्णय घ्यायला मोठे धैर्य लागले असणार. वाद्ये गप्प होती म्हणूनच घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

ध्वनी आणि नीरवता : आवाज हे पडद्यावरचे सगळ्यांत कमी वाखाणले गेलेले साधन आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (1955) परगावाहून परतलेला हरिहर, मुलगी वारल्याचे ठाऊक नसल्याने, तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो आणि त्याची बायको सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा चढा सूर येतो. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये (1960) नायिका नीताच्या दुःखाच्या क्षणी चाबकाचे फटकारे ऐकू येतात. चाबूक कुठेच दिसत नाही, मार मात्र बसतो.

‘सैराट’ने (2016) नेमके उलटे केले. अजय-अतुल यांच्या भरगच्च वाद्यमेळाने पूर्वार्ध ओसंडून वाहतो. शेवटी आई-बाप मारले गेलेल्या घरात शेजारणीकडून परत आलेले मूल रक्तात पाय भरून बाहेर चालू लागते, तेव्हा सगळा आवाज काढून घेतलेला असतो. चित्रपटगृहात एरवी न ऐकू येणारा शेजाऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. ती इवली, तांबडी पावले म्हणजे पुढची पिढी आणि तिच्या वाट्याला आलेला वारसा, असे समजावून सांगता येईल. पण त्या क्षणी कोणी समजावून घेत नाही. पोटात खड्डा पडतो, अर्थ मागाहून येतो.

‘फँड्री’ (2013) : नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाचे नावच कैकाडी भाषेतले, अर्थ डुक्कर. कैकाडी समाजातल्या जब्या या मुलाला काळी चिमणी पकडून, जाळून तिची राख शालू या मुलीवर टाकायची आहे. तसे केले की ती आपल्यावर भाळेल, असा त्याचा विश्वास. चिमणी हाती लागत नाही, आणि डुक्कर त्याला सोडत नाही. एक हवेत, एक चिखलात. या दोहोंमधल्या अंतरात मुलाची सगळी जातव्यवस्था मावते, आणि तरीही चिमणी ही चिमणीच राहते, डुक्कर हे डुक्करच. डुक्कर पकडण्याचे काम म्हणजे या घराची भाकरी आहे, अपमानही त्यातूनच येतो.

शाळेजवळ डुकराला घेरलेले असताना राष्ट्रगीत सुरू होते. काठ्या, फासे घेतलेली माणसे जागच्या जागी थिजतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही. ते निघून जाते. प्रसंग हसू आणतो आणि हसणे घशातच अडकते, कारण राष्ट्राचा मान सगळ्यांत चोख राखतात ती त्या गावाने कधी मान न दिलेली माणसे. पुढे मारलेले डुक्कर काठीला टांगून घरची माणसे शाळेच्या भिंतीसमोरून नेतात. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे रंगवलेली आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर ती असतात, आपण रोज त्यांच्यासमोरून जातो. मंजुळे त्यावर कोणाला भाष्य करू देत नाहीत. भिंत, चित्रे, काठी, ओझे सगळे एकाच चौकटीत येते, एवढेच. ही चित्रे वेगळ्या शॉटमध्ये, एकेक मोठी करून दाखवली असती तर तो ठोकळेबाज संकेत झाला असता. मागची पुढची पातळी एकत्र ठेवल्याने दोन्हींमधला दुरावा आपल्यालाच मोजावा लागतो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, आणि इतका वेळ पाहत बसलेला प्रेक्षकही पाहणाऱ्या गावकऱ्यांत जमा होतो.

प्रतीकाविना अर्थ : प्रत्येक अर्थाला प्रतीक लागते असेही नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो, शॉट लांबत राहतात, कोणाचा चेहरा जवळून दाखवून सहानुभूती मागितली जात नाही. सत्र न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, माणसे निघून जातात, दिवे विझतात, आणि कॅमेरा रिकाम्या अंधारात तसाच थांबतो. इथे चित्रपट संपला असे वाटते. पण पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. पोरे ओरडून त्यांना दचकवतात. ते एकाला थप्पड देतात आणि पुन्हा डुलकी घेतात.