गिलोटिन परत आणण्याआधी एवढं वाचा

शाळांची स्नेहसंमेलनं सुरू झाली की आमच्या जादूच्या सामानाच्या दुकानात एकच तक्रार येते. "हात कापायचं गिलोटिन नेलं होतं, चाललं नाही. कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. परत घ्या." गिलोटिन म्हणजे हात घालायला भोक आणि वर पातं असलेली जादूची चौकट. आम्ही काउंटरवरच तिच्यात गाजर घालून पातं खाली आणतो, गाजराचे दोन तुकडे होतात. मग स्वतःचा हात घालून पुन्हा पातं आणतो, हात शाबूत. गिलोटिन ठणठणीत असतं. यात तुमची अर्धी दुपार जाते आणि आमचीही, म्हणून हे पत्रक आता प्रत्येक खोक्यात घालतो. गुपित यात छापलेलं नाही. ते वेगळ्या कागदावर आहे आणि तो कागद घरात कुठेही टाकून ठेवू नका.

चूक होते ती घाईची. गाजर कापलं, समोरच्या काकांना बोलावलं, हात घातला, पातं खाली, "बघा, काही झालं नाही!" सगळं मिळून पंधरा सेकंद. लोकांना धास्तीच वाटली नाही, तर हात सुखरूप निघाल्याचं त्यांना काय वाटणार? पुढे काय होणार ते जादूगाराने आधी सांगू नये, असं पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. रिकाम्या पेटीतून कबुतर काढायचं असेल तर ते बरोबरच आहे. इथे मात्र काय होऊ शकतं ते आधी सांगायचं, गाजरावर दाखवायचं आणि मग थांबायचं. गाजराचा तुकडा खाली पडलाय आणि माणसाचा हात भोकात आहे, पातं अजून वरच आहे, तेवढा वेळ म्हणजेच हा प्रयोग. हात आत गेल्यावर मनात सावकाश वीसपर्यंत मोजा. तुम्हाला ते फार लांबल्यासारखं वाटेल. समोरच्यांना वाटत नाही.

बंधनांतून सुटून दाखवणारा जादूगार हॅरी हुदिनी याने 1908 साली पाण्याने भरलेल्या, कुलपं लावलेल्या दुधाच्या मोठ्या कॅनमधून सुटण्याचा प्रयोग सुरू केला. आत जाताना तो प्रेक्षकांना सांगायचा, माझ्याबरोबर तुम्हीही श्वास रोखून धरा. थोड्याच वेळात एकेकाचा दम संपायचा, आणि कॅन बंदच. आत काय चाललंय ते दिसत नसलं तरी प्रत्येकाला ते स्वतःच्या छातीत कळायचं. जादूगार पी. सी. सरकार यांनी 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीवर मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. ती उठून बसायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली, आणि काळजीत पडलेल्या प्रेक्षकांच्या फोननी बीबीसीच्या लाइनी अडून गेल्या. लोकांना असं धरून ठेवता येतं, ते थांबण्यामुळे.

आता हात कुणाचा घ्यायचा ते. सर्वांत आधी हात वर करणारा घेऊ नका, त्याला बहुतेक वेळा स्वतःचाच कार्यक्रम करायचा असतो. लहान मुलं तर नकोतच. ती खरोखर घाबरतात आणि ऐन वेळी हात ओढतात. सोसायटीतल्या एखाद्या हसऱ्या, शांत काकू सर्वांत उत्तम. त्यांचं नाव विचारा, "तुमची परवानगी आहे ना?" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायला सांगा. त्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून उभं करा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्या वीस सेकंदांत लोक पात्याकडे कमी आणि काकूंच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात. पाठमोरं उभं केलंत तर निम्मा प्रयोग गेला. त्यांची टिंगल करू नका. पहिली टाळी त्यांच्यासाठी मागा.

गाजर ताजं, कडक घ्या, मऊ पडलेलं तुटत नाही, वाकतं. प्रयोगानंतर पातं कोरड्या फडक्याने पुसा, गाजराचा रस वाळला की ते अडकतं.

आमच्याकडे अनेक जण पेल्याखालच्या खिळ्याचा प्रयोग मागतात, ज्यात एका पेल्याखाली खिळा उभा लपवलेला असतो आणि बाकीचे पेले हाताने चेपायचे असतात. तो आम्ही ठेवत नाही. 2016 साली पोलंडमध्ये टीव्हीवर चालू कार्यक्रमात असाच, कागदी पिशवीत खिळा लपवण्याचा प्रयोग चुकला आणि निवेदिकेच्या तळहातात खिळा घुसला. प्रेक्षकांना भीती वाटावी, पण समोरच्याच्या हाताला खरोखर धोका नको. विक्री गेली तरी चालेल.

उघडलेलं खोकं आम्ही परत घेत नाही, यावर काही जण रागावतात. पण तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः गुपिताचे, आणि वाचलेलं गुपित परत कसं घेणार? त्याऐवजी आम्ही दुसरं काहीतरी देतो. गिलोटिन नेणाऱ्या प्रत्येकाला रविवारी सकाळी अर्धा तास दुकानात तालीम, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मोबाइलवर तुमचा प्रयोग रेकॉर्ड करून तुम्हालाच दाखवतो. पातं किती लवकर खाली आलं ते मग आम्हाला सांगावं लागत नाही. गिलोटिनचा प्रयोग नीट जमला की दोरी कापून जोडण्याचा किंवा प्रेक्षकाने सही केलेल्या नोटेचा प्रयोग घ्या, त्यांतही हेच थांबणं लागतं आणि दोन्ही दुकानात आहेत.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नको, निदान दोन रविवार आधी या. सोबत गिलोटिन आणि हात द्यायला एखादा मित्र आणा. गाजरं आमच्याकडे असतात.