परदेशी पत्रमैत्री

परदेशातल्या, आधी कधीही न भेटलेल्या व्यक्तीशी टपालाने नियमित पत्रव्यवहार करून जुळलेली मैत्री. अशा मित्राला पत्रमित्र किंवा सर्रास पेनफ्रेंड म्हणतात. नातेवाईक, व्यापारी किंवा विद्वान यांचा परदेशी पत्रव्यवहार यात मोडत नाही. तिथे ओळख किंवा काम आधी असते आणि पत्र मागाहून येते. पत्रमैत्रीत ओळख पत्रातूनच होते.

या छंदाला खरा वाव मिळाला तो ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी केलेल्या करारामुळे. तोवर परदेशी पत्राचा दर देशादेशांतल्या सुट्या करारांवर ठरत असे, त्यामुळे एकाच ठिकाणी जाणाऱ्या पत्राला मार्गानुसार वेगळे पैसे पडत. बर्नच्या कराराने सगळ्या सभासद देशांचा मिळून एकच टपाल प्रदेश मानला. या देशांच्या संघाला पुढे जागतिक टपाल संघ हे नाव मिळाले. तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाने ठेवायचे आणि पोचवणाऱ्या देशाने पत्र फुकट पोचवायचे, असे ठरले. त्यामागचे गृहीतक मोठे मजेशीर होते : प्रत्येक पत्राला उत्तर जातेच, तेव्हा हिशेब आपोआप फिटतो. देशादेशांतल्या टपालाचा तोल प्रत्यक्षात असा राहिला नाही आणि संघाच्या १९६९ च्या टोकिओ अधिवेशनात जादा येणाऱ्या टपालाचा मोबदला द्यायचे ठरले. पत्रमित्रांपुरते मात्र ते गृहीतक अगदी बरोबर होते, कारण उत्तर थांबले की मैत्रीही थांबते.

उत्तराचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरलाच. आपल्या देशाची तिकिटे पाकिटात घालून उपयोग नसतो, ती परदेशात चालत नाहीत. यावर १९०६ च्या रोम अधिवेशनात आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपन निघाले. ते इथे विकत घ्यायचे, पत्रासोबत पाठवायचे आणि पलीकडच्याने आपल्या टपाल कचेरीत देऊन परदेशी पत्राला पुरेल इतके तिकीट घ्यायचे. याच कुपनांच्या देशोदेशीच्या किमतींतल्या फरकावर नफा कमावतो असे सांगून चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये बॉस्टनमध्ये लोकांना लुबाडले. इतक्या निरुपद्रवी कागदाच्या नशिबी असे नाव जोडले जावे, हे विचित्रच.

भाषेची अडचण टपालापेक्षा चिवट. झामेनहॉफ या डॉक्टरने १८८७ मध्ये एस्पेरांतो ही सर्व देशांच्या लोकांना सोपी जावी अशी कृत्रिम भाषा मांडली. दोनच वर्षांनी ती शिकलेल्या हजार जणांची नावे-पत्ते छापून निघाले. ही यादी म्हणजे पत्रमित्र शोधण्याची आयती सोयच होती. बाकीच्यांनी बहुधा इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनवर भागवले. शाळांनी तर परकी भाषेच्या सरावासाठीच पत्रमित्र मिळवून दिले. सोव्हिएत शाळांतून त्यासाठी आंतरराष्ट्रीय मैत्री मंडळे होती. याशिवाय मासिकांतली सदरे आणि जोड्या जुळवणाऱ्या संस्था होत्या. फिनलंडमधील तुर्कू येथून चालणारी अशी एक संस्था १९५२ पासून २००८ पर्यंत टिकली.

शाळेतून जुळलेल्या मैत्रीचे सर्वांत परिचित उदाहरण अ‍ॅन फ्रँकचे, म्हणजे नाझी छळछावणीत मरण पावलेल्या आणि रोजनिशीमुळे जगाला माहीत झालेल्या ज्यू मुलीचे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅनव्हिल गावच्या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी पत्रमित्रांचे पत्ते दिले होते. तिथल्या दोघी बहिणींची पत्रे अ‍ॅमस्टरडॅमला अ‍ॅन आणि तिची थोरली बहीण मार्गो यांच्याकडे गेली. अ‍ॅनचे उत्तर २९ एप्रिल १९४० चे आहे. तिला इंग्रजी फारसे येत नव्हते, तरी पत्र इंग्रजीत आहे. आपण चित्र-पोस्टकार्डे जमवतो आणि सुमारे ८०० झाली आहेत, असे ती त्यात कळवते. सोबत अ‍ॅमस्टरडॅमचे एक कार्डही धाडते. १० मे रोजी जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये घुसले. पुढे पत्र आले नाही. युद्ध संपल्यावर डॅनव्हिलहून पुन्हा चौकशी गेली, तेव्हा मुलींच्या वडिलांनी काय घडले ते कळवले.

पत्र लिहिण्याच्या काही रूढी अनुभवातून पडल्या आहेत. हवाई टपालाने पत्र आठवड्या-दोन आठवड्यांत पोचते, जहाजाने जाणाऱ्याला महिने लागतात. उत्तराआधीच दुसरे पत्र टाकले तर दोन्ही वाटेत एकमेकांना ओलांडतात आणि कोणता प्रश्न कुठल्या पत्रातला, याचा घोळ होतो. म्हणून सुरुवातीलाच ‘तुझे अमुक तारखेचे पत्र मिळाले’ असे लिहितात, काही जण पत्रांना क्रमांक घालतात. तारखेत महिना अक्षरी लिहिलेला बरा. ५/४ म्हणजे कुठे पाच एप्रिल तर कुठे चार मे. वजनावर दर ठरत असल्याने पातळ कागद वापरायची पद्धत पडली. एकाच कागदाची घडी घालून होणारे निळसर हवाईपत्र स्वस्त पडे, पण त्यात आत काही घालायला मनाई असे. खरी कसोटी दुसऱ्या पत्राची. पहिल्यात नाव, वय, शाळा, छंद सांगून होतात. नंतर सांगण्यासारखे शोधावे लागते.

पाकिटातून वापरलेली तिकिटे, काड्यापेट्यांची लेबले, दाबून वाळवलेली पाने यांची देवघेव चाले. त्यातली सर्वांत गमतीची चीज म्हणजे मैत्रीवही. कागदाचे चतकोर पिना मारून शिवायचे, पहिल्या पानावर मालकाचे नाव-पत्ता घालायचा आणि वही पत्रातून सोडून द्यायची. जो तो आपला पत्ता नि आवडी एका पानावर लिहून ती पुढच्या मित्राला धाडतो. शेवटचे पान भरणाऱ्याने ती मालकाला परत करायची.

ईमेल आल्यावर वाट पाहण्याची सक्ती गेली आणि छंदाचे रूप पालटले. पोर्तुगालमध्ये २००५ साली सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंगमध्ये तुम्ही एका अनोळखी माणसाला पोस्टकार्ड पाठवता आणि तुम्हाला येते ते भलत्याच कुणाकडून. उत्तर देण्याचे बंधन नाही. त्याला पत्रमैत्री म्हणणे अवघडच. हाँगकाँगच्या स्लोली या अ‍ॅपने (२०१७) उलटी वाट धरली. तिथे कागद नाही, पण संदेश मुद्दाम उशिरा पोचवतात, आणि दोघांमधले अंतर जितके जास्त तितका तो उशीर मोठा.