टेक-ऑफच्या वेळी एसी का बंद करतात?

मे महिना आला की विमानात सुरक्षा-कार्डांनी वारा घेणाऱ्या घामाघूम प्रवाशांचा व्हिडिओ हमखास फिरतो. खाली शेरा ठरलेला: 'इंधन वाचवायला एसी बंद केला.' जमिनीवर उभ्या विमानात उकडतं त्याची कारणं वेगळी. पण ऐन उड्डाणाच्या वेळी वैमानिक कधीकधी खरोखरच मुद्दाम एसी बंद करतात, आणि तो कंजूषपणा नसतो.

बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनातूनच येते. कॉम्प्रेसरने दाबलेली थोडी हवा ज्वलनकक्षात जाण्याआधीच बाजूला काढतात. तिला म्हणतात ब्लीड एअर. ती चांगलीच तापलेली असते. विमानाच्या पोटातले 'पॅक' तिला थंड करून आत सोडतात. केबिनमधला दाब तिच्यावरच, पंखांवरचा बर्फ वितळवायलाही तीच.

खरी मेख पुढे आहे. कॉम्प्रेसरला फिरवतं टर्बाइन, आणि टर्बाइनला फिरवतात ज्वलनकक्षातले तप्त वायू. समजा शंभर किलो हवा दाबली आणि त्यातली किलोभर केबिनकडे वळवली. मेहनत झाली शंभर किलोंची, टर्बाइनच्या वाट्याला आले नव्व्याण्णव. तेवढ्यात भागवायचं तर प्रत्येक किलो जास्त तापवायला हवा, म्हणजे इंधन जास्त आणि टर्बाइनच्या पात्यांना झळही जास्त. थंडीच्या दिवसांत त्याचं काही वाटत नाही. पण बोइंग ७३७-८०० च्या सीएफएम५६-७बी इंजिनात टेक-ऑफला बाहेर पडणाऱ्या वायूची कमाल मर्यादा ९५० अंश सेल्सिअस आहे. समुद्रसपाटीला साधारण ३० अंशांपर्यंत इंजिन पूर्ण जोर देतं; हवा त्याहून गरम झाली की पाती सांभाळायला जोर कमी करावा लागतो. अशा वेळी ब्लीड बंद केली, की तापमान तेवढंच ठेवून थोडा जास्त जोर काढता येतो. इंजिनच्या पुढच्या पंख्याच्या वेगाची मर्यादा जेमतेम एक टक्का वर सरकते, बस्स.

हा एक टक्का मुंबईच्या जवळजवळ साडेतीन किलोमीटरच्या मुख्य धावपट्टीवर सहसा लागत नाही. पुण्याची धावपट्टी मात्र अडीच किलोमीटरची, वर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. लेहला तर विमानतळच सव्वातीन हजार मीटरवर आणि हवा पाव भागाहून जास्त विरळ. अशा ठिकाणी एक टक्क्यासाठी काही प्रवाशांचं सामान मागे राहू शकतं.

वैमानिक दोनपैकी एक मार्ग धरतात: पॅक सरळ बंद, नाहीतर शेपटीतल्या छोट्या इंजिनाची, म्हणजे एपीयूची हवा पॅकना. पहिल्या मार्गात डोक्यावरच्या नळीतून येणारा वारा गप्प होतो. एअरबस ए३२० मध्ये जमीन सोडून जोर कमी केल्यावर पहिला पॅक लावतात, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, आत घेतल्यावर दुसरा; दोन्ही एकदम लावले तर कानांत दडे बसतील. 'तेवढ्यात ऑक्सिजन संपतो' ही व्हॉट्सअॅपी भीती निव्वळ भंपक. दोन-चार मिनिटांत केबिनभर हवेचा ऑक्सिजन संपत नसतो.

२०११ साली सेवेत आलेल्या बोइंग ७८७ ने केबिनसाठी ब्लीड एअर घेणंच सोडलं. तिथे विजेवर चालणारे कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतात. त्याचा गवगवा मात्र जरा जास्तच झाला. ती वीज देणारे जनरेटर इंजिनच्याच दांड्यावर फिरतात, आणि इंजिनच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून ७८७ लाही ब्लीड एअरच लागते.