आखातातली शिरगणती

१९०३ साली व्हाइसरॉय कर्झनने इराणच्या आखाताचा दौरा केला. त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतल्या जॉन गॉर्डन लॉरिमर या अधिकाऱ्याकडे एक काम आलं. आखाताच्या किनाऱ्यावर कोण राहतं, किती राहतात, कशावर जगतात, याची साहेबलोकांना हाताशी ठेवता येईल अशी एक पुस्तिका तयार करायची होती. मुदत सहा महिने. काम उरकायला बारा वर्षं लागली आणि पुस्तिकेची पाच हजारांच्या घरात पानं झाली. शेवट बघायला लॉरिमर उरलाही नाही. १९१४ मध्ये इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशेर बंदरात पिस्तूल साफ करताना गोळी सुटली आणि तो गेला. भौगोलिक आणि आकडेवारीचा भाग १९०८ साली कलकत्त्याला छापून झाला होता, इतिहासाचा भाग १९१५ साली निघाला.

तेल सापडण्याआधीच्या आखाती समाजावर आज कुणीही लिहायला बसलं तर पहिल्यांदा हाच ग्रंथ उघडावा लागतो. गावात घरं किती, कोणत्या टोळीची, खजुराची झाडं किती, उंट किती, मोती काढायला जाणाऱ्या होड्या किती, असा सगळा हिशेब त्यात आहे. अख्ख्या कतारची लोकसंख्या लॉरिमर सुमारे २७ हजार धरतो. आपल्याकडच्या जिल्हा गॅझेटियरची ज्यांना सवय आहे त्यांना हा साचा लगेच ओळखू येईल. येणारच, कारण तो त्याच कारखान्यातला माल आहे. बुशेरचा ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. त्यामुळे आखाताबद्दलचा जुना पत्रव्यवहार आजही मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात चाळायला मिळतो.

लॉरिमरचा ग्रंथ मात्र सर्वांसाठी नव्हता. तो सरकारी कामापुरता, गोपनीय होता आणि पुढची कित्येक दशकं तसाच राहिला. ज्यांची झाडं आणि होड्या मोजल्या, त्यांना तो वाचायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अरब तेलदेशांतल्या समाजशास्त्रीय संशोधनाची गोष्ट सांगताना विद्यापीठांपासून सुरुवात करायचा प्रघात आहे. मला ती या गोपनीय शिक्क्यापासून सुरू करावीशी वाटते, कारण माहिती कुणाला हवी होती यावरच तिथे पुढे काय शोधलं गेलं ते ठरत आलं.

बहरीनमध्ये १९३२ साली तेल लागलं, १९३८ साली कुवेत आणि सौदी अरेबियात. आता माहितीची गरज कंपनीला पडू लागली. सौदीतल्या अराम्को या अमेरिकी तेल कंपनीने १९४६ च्या सुमारास चक्क स्वतःचा संशोधन विभाग काढला. त्याचा प्रमुख जॉर्ज रेंट्झ हा अरबी भाषेचा आणि इतिहासाचा पक्का अभ्यासक होता. फेडरिको विडाल नावाचा मानववंशशास्त्रज्ञही कंपनीच्या पगारावर होता. अल-हसा या मोठ्या मरूद्यानावरचा, म्हणजे वाळवंटातल्या हिरव्या टापूवरचा, त्याचा १९५५ चा अभ्यास आजही मोलाचा मानतात. पाणी कुठल्या झऱ्यातून येतं, कोणाच्या बागेला कधी मिळतं, खजुराचं पीक कसं निघतं, कोणत्या वस्तीत कोण राहतं, हे त्याने बारकाईने टिपलं. पाण्याच्या पाळ्यांचं वर्णन वाचताना आपल्याकडची फड पद्धत आठवल्याशिवाय राहत नाही.

तेल कंपनीला या सगळ्याशी काय घेणंदेणं? थोडं मजुरांमुळे होतं. अल-हसाची माणसंच तेलक्षेत्रावर कामाला येत होती आणि १९५३ साली त्यांनी मोठा संप करून दाखवला होता. त्याहून मोठं कारण हद्दीचं होतं. वाळवंटात सीमारेषा नव्हत्या. होत्या त्या टोळ्यांच्या ‘दीरा’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चराईची रानं आणि विहिरी. अमुक विहीर अमुक टोळीची, ती टोळी अमुक राजाला जकात देते, म्हणून खालची जमीन त्या राजाची आणि जमिनीखालचं तेल त्याने परवाना दिलेल्या कंपनीचं, असा हा युक्तिवाद होता. (जकात म्हणजे इस्लाममधला धार्मिक कर. आपल्या जकात नाक्यावरची जकात ती हीच, अर्थ तेवढा बदलला.) आजच्या ओमान-अमिराती सीमेवरच्या बुरैमी मरूद्यानाच्या मालकीवरून सौदी अरेबिया एका बाजूला आणि ब्रिटिशांच्या पाठिंब्याने अबू धाबी व मस्कत दुसऱ्या बाजूला, असा तंटा पेटला, तेव्हा अराम्कोच्या संशोधकांनी सौदी सरकारची बाजू मांडणारं निवेदनच तयार करून दिलं. वाटाड्या बदूंना, म्हणजे भटक्या अरबांना, बसवून विहिरींची नावं, टोळ्यांच्या शाखा, पोटशाखा विचारून घेतल्या. जकात कुणी कुणाला दिली याच्या नोंदी पुरावा म्हणून जोडल्या. ब्रिटिशांनीही आपल्या परीने तोच उद्योग केला. १९५५ च्या सप्टेंबरात लवादाचं काम मोडलं आणि ऑक्टोबरात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने बुरैमी ताब्यात घेतलं. वाद बंदुकीने मिटला. मागे उरलेल्या टोळ्यांच्या वंशावळ्या मात्र अभ्यासकांच्या कामी आल्या.

राज्यांना स्वतःची माणसं मोजायची गरज वाटू लागली ती याच काळात. बहरीनने १९४१ सालीच जनगणना केली होती, तेव्हा आकडा नव्वद हजारांच्या आसपास आला. कुवेतने १९५७ साली केली आणि सुमारे २ लाख ६ हजार माणसं भरली. आठ वर्षांनी १९६५ च्या गणनेत ती ४ लाख ६७ हजारांवर गेली आणि एक गोष्ट कागदावर आली: कुवेतमध्ये कुवेती आता अल्पसंख्य होते. सौदीने १९६२-६३ ला गणना केली, पण आकडे बघून सरकारनेच ते नाकारले. पुढची गणना १९७४ साली झाली, तेव्हा सत्तर लाख भरले. ओमानने तर पहिली गणना १९९३ साली केली. शिरगणतीचं हे भय समजण्यासारखं आहे. शेजारी मोठे, आपण लहान, त्यात आपल्याच घरात पाहुणे जास्त. संशोधकाला मात्र याचा अर्थ एवढाच की नमुना कुठून काढायचा ती यादीच हातात नाही.

विद्यापीठं याच दरम्यान उभी राहत होती. रियाधचं १९५७, कुवेतचं १९६६, अमिरातीतल्या अल-ऐनचं १९७६, कतारचं १९७७, मस्कतचं सुलतान काबूस १९८६. प्राध्यापक सुरुवातीला बहुतेक इजिप्तचे, पॅलेस्टिनी, इराकी. बगदादची परंपरा यांच्यापेक्षा जुनी. तिथे अली अल-वर्दी हे टेक्सास विद्यापीठातून १९५० साली इब्न खल्दूनवर प्रबंध लिहून आले होते. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने भटक्या टोळ्या आणि शहरं यांच्यातल्या ओढाताणीचं जे सूत्र मांडलं, ते वर्दींनी विसाव्या शतकातल्या इराकी माणसाच्या स्वभावाला लावून पाहिलं. लिहायचे साध्या भाषेत, चिमटे काढत, त्यामुळे विद्यापीठाबाहेरही वाचले जायचे. मुल्ला-मौलवी आणि डावे, दोघेही त्यांच्यावर रागावलेले असत. इराककडेही तेल होतं, पण त्यांच्या लिखाणात शहर, टोळी, नदी, घराणं हे सगळं तेलाच्या आधीपासून हजर आहे. पुढे आखाताच्या अभ्यासात हेच हरवत गेलं.

ते हरवलं १९७३ नंतर. तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या आणि जगभरच्या अर्थशास्त्र्यांना एकाएकी आखात दिसू लागलं. ब्रिटनमध्ये डरहॅमला मध्यपूर्वेच्या अभ्यासाचं केंद्र आधीच होतं, एक्सेटरला १९७८ साली खास आखाताचं निघालं. तेलराज्यांचा, ‘रेंटियर स्टेट’चा, सिद्धान्त आला तो मुळात इराणवरून. हुसेन महदवी यांनी १९७० साली मांडला आणि १९८७ मध्ये कुवेतमध्ये काम केलेले इजिप्शियन अर्थतज्ज्ञ हाझिम अल-बिबलावी आणि जाकोमो लुचियानी यांनी तो अरब राज्यांना लावून प्रसिद्ध केला. खंडकरी शेतकरी ज्यांना माहीत आहेत त्यांना तो एका वाक्यात सांगता येतो: हे राज्य प्रजेच्या करावर चालत नाही, जमिनीखालच्या तेलाच्या खंडावर चालतं, त्यामुळे प्रजेला ते वाटत राहतं आणि प्रजा त्याला हिशेब विचारत नाही. सिद्धान्त चपखल होता. जरा जास्तच चपखल, कारण तो हाती आल्यावर बाकी काही विचारायची गरज उरेना.

स्थानिक अभ्यासकांचा राग यावरच होता. कुवेतचे समाजशास्त्रज्ञ खल्दून अल-नकीब यांनी १९८७ साली अरबीत लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं, की आखात तेलाबरोबर जन्मलं नाही. मोती, खजूर, लाकूड, तांदूळ यांचा मुंबईपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरलेला व्यापार, व्यापारी घराणी, बंदरं असा एक चालता-बोलता समाज तिथे होता. तो आधी ब्रिटिश वर्चस्वाने मोडला आणि मग तेलाच्या पैशावर बसलेल्या हुकूमशाही राज्याने टोळी, पंथ, व्यापारी असे कप्पे पाडून आपल्या मुठीत घेतला. बहरीनच्या सामाजिक बदलांवर मुहम्मद अल-रुमैही यांनी आधीच लिहिलं होतं. कतारचे अली खलिफा अल-कुवारी आणि इतर काहींनी १९७९ साली ‘विकास मंच’ सुरू केला. आखातातल्या निरनिराळ्या देशांतले अभ्यासक वर्षातून एकदा जमून शिक्षण, मजूर, तेलाचं उत्पन्न यांवर बोलत. कुवेत विद्यापीठाचं समाजशास्त्रांचं त्रैमासिक १९७३ पासून निघत होतं. नकीबांचं पुस्तक मात्र छापलं गेलं बैरूतमध्ये. आखाताच्या राज्यांवर उघडपणे लिहायचं तर बैरूतचा छापखाना बरा, हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

एका कामाचा वेगळा उल्लेख करायला हवा. सुरैया अल-तुर्की या सौदी मानववंशशास्त्रज्ञ बर्कलीला शिकून जेद्दाला परतल्या आणि तिथल्या श्रीमंत घराण्यांतल्या बायकांचा अभ्यास त्यांनी केला, जो १९८६ साली पुस्तकरूपाने आला. पुरुष संशोधकाला घराच्या त्या भागात पाऊल टाकता येत नव्हतं. यांना येत होतं, पण फुकट नाही. परदेशी बाईला जी सूट मिळते ती घरच्या मुलीला मिळत नाही, आणि अविवाहित मुलीने काय विचारावं, कुठे बसावं, कधी गप्प राहावं याचे नियम पाळतच त्यांना टिपणं काढावी लागली. या अडचणींबद्दलही त्यांनी पुढे लिहिलं. माणसं माझ्याशी का बोलतात आणि काय लपवतात, हा प्रश्न वाटाड्यांना विहिरी विचारणाऱ्या कंपनीच्या माणसांपेक्षा त्यांनी कितीतरी प्रामाणिकपणे हाताळला.

१९९० साली इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि तिथल्या विद्यापीठाची लूट झाली. पुढच्या दशकापासून पैसा विद्यापीठांपेक्षा ‘केंद्रां’कडे वळला. अबू धाबीचं सामरिक अभ्यास केंद्र १९९४ साली निघालं, दुबईचं गल्फ रिसर्च सेंटर २००० साली. दोहात अमेरिकी विद्यापीठांच्या शाखा आल्या, २०१० साली अझ्मी बिशारा या पॅलेस्टिनी विचारवंताचं अरब सेंटर आलं आणि अनेक अरब देशांत एकाच वेळी जनमत विचारणारा त्याचा निर्देशांकही सुरू झाला. एवढा पैसा आणि एवढ्या इमारती अरब समाजशास्त्राला कधीच मिळाल्या नव्हत्या. दाराबाहेर कुंपणही होतंच. दुबईच्या त्या केंद्राचा परवाना पुढे चालू राहिला नाही आणि त्याला बाडबिस्तरा जेद्दाला हलवावा लागला. अबू धाबीत शाखा असलेल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्याच अँड्र्यू रॉस या प्राध्यापकाला, जे मजुरांच्या स्थितीवर लिहीत होते, २०१५ साली अमिरातीत प्रवेश नाकारला गेला. २०१८ साली डरहॅमचा पीएच.डी.चा विद्यार्थी मॅथ्यू हेजेस याला हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप झाली आणि काही दिवसांतच माफी देऊन सोडून दिलं.

भाषेचंही एक दुखणं आहे. बैरूतचे समाजशास्त्रज्ञ सारी हनफी यांनी ते नेमकं पकडलंय: इंग्रजीत छापावं तर आपल्या माणसांत नाव पुसतं, अरबीत छापावं तर जगात. मराठीत समाजशास्त्र लिहिणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि ज्यांच्या अंगमेहनतीवर हे देश उभे आहेत त्यांचं काय? रत्नागिरीच्या बाजूला ‘आकामा’ आणि ‘कफील’ हे शब्द शब्दकोशात न बघता कळतात. एक राहण्याचा परवाना, दुसरा ज्याच्या नावावर तो परवाना असतो तो मालक. या माणसांची मोजदाद पुष्कळदा पाठवणाऱ्या बाजूनेच जास्त चांगली झाली आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून केरळात दर काही वर्षांनी घरोघर जाऊन कोण कुठे गेलं, किती पाठवतं, कधी परत आलं हे विचारलं. आखाताच्या बाजूने प्रयत्न झाले ते उशिरा. कतार विद्यापीठात २००८ साली सर्वेक्षण संस्था निघाली. तिने नमुना काढण्यासाठी वीज-पाण्याच्या जोडण्यांच्या यादीचा आधार घेतला आणि मजुरांच्या छावण्या वेगळ्या धरल्या. ही युक्ती चांगली आहे, कारण मीटर खोटं बोलत नाही. पण एका मीटरमागे एक कतारी कुटुंब असतं नाहीतर छावणीतल्या कितीतरी खाटा असतात, आणि प्रश्न विचारताना शेजारी मुकादम उभा असला तर उत्तर काय येणार ते छावणीत राहिलेल्या कुणालाही सांगता येईल.

संयुक्त अरब अमिरातीत देशभरची जनगणना २००५ साली झाली. २०१० ची ठरली होती, ती रद्द झाली आणि नोंदींवरून काढलेल्या अंदाजावर काम भागवलं गेलं. त्या अंदाजात नागरिक ९,४७,९९७ आहेत, अगदी एककापर्यंत. एकूण लोकसंख्या ८२ लाखांच्या वर. उरलेल्या त्र्याहत्तर लाखांत कोण कुठल्या देशाचं, याची फोड त्या तक्त्यात नाही.